दोघींत एक

९ जानेवारी

आज पुन्हा खडू हातातून सुटला. फळ्यावर नाण्याचं उदाहरण लिहीत होते. छापा लिहून झाला, काटा लिहायला घेतला आणि टक्! मुली हसल्या नाहीत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली त्या, काही पडलं की उचलून देतात. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने दिला. "मॅडम, घ्या." तिने माझ्या हाताकडे पाहिलं? की मलाच तसं वाटलं?

खडू सगळ्यांच्याच हातून पडतो. जिना उतरताना हेच घोकत होते. मग आठवलं — आईसुद्धा सुरुवातीला असंच म्हणायची. "कप सगळ्यांच्याच हातून फुटतात गं!"

१० जानेवारी

आईच्या आजाराचं नाव इथेही लिहिणार नाही. लिहिलं तर घरात येऊन बसेल असं वाटतं. बाई संख्याशास्त्र शिकवते आणि वर हे!

आधी हात आपल्या मनाने हलतात. मग चाल बिघडते. मग बोलणं जातं, मग माणसं. चाळिशी-पन्नाशीत सुरू होतो. आईला होता, म्हणून तिच्या प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. एक छेद दोन. आम्ही दोघीच. ताई एकोणपन्नास, मी त्रेचाळीस.

रक्ताची चाचणी असते. आई गेली तेव्हा आम्ही ठरवलं होतं की करायची नाही. 'आम्ही' म्हणजे ताईने ठरवलं आणि मी मान हलवली. आमच्याकडे 'आम्ही' असंच असतं.

पण आज बबडीने फ्रीजवरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "आई, चालत्या गाडीत बसून लिहिलीस का गं?" हसत म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर. घरात आम्ही दोघीच असतो, तिच्या बाबांचं घर वेगळं. माझ्यात असेल तर पुढे तिच्यात असण्याची पुन्हा निम्मी शक्यता. म्हणजे आज तिची पाव.

पाव म्हणजे काही शून्य नाही.

१३ जानेवारी

ताईकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे तिची एक खोली, एक मोरी आणि एक शिलाई मशीन. पडदे शिवते, खुर्च्यांची आवरणं, शाळांचे गणवेश. भावोजी गेल्यापासून मशीनशीच बोलत असते. मी दारात दिसले की पहिलं वाक्य ठरलेलं —

"आलीस? बरं झालं. ही सुई ओवून दे आधी."

हल्ली प्रत्येक वेळी सुई. मी ओवते आणि ती टक लावून बघते. दोरा पार होईपर्यंत पापणी हलत नाही तिची. आधी कशी बोलता बोलता, न बघता ओवायची!

चाचणीचं काढलं. मशीन थांबलं.

"कशाला नसती उठाठेव?"

"बबडीसाठी तरी कळायला नको?"

"काय कळायचंय? दोघींत एकीला आहे. एवढं माहीत आहे ना? बास झालं."

"ताई, तसं नसतं गं ते!"

"मग कसं असतं? निम्मं म्हणजे काय? दोघींत एक. यासाठी कॉलेजात शिकवायला जावं लागत नाही."

मी कपाळाला हात लावला. ती पडद्याला घडी घालत बसली.

१४ जानेवारी

ताईचं चुकतंय, पण ते आलं कुठून हे मला पक्कं ठाऊक आहे. आईकडून.

आईचा कायदा होता, एकीने कापायचं आणि दुसरीने उचलायचं. सफरचंद असो, साबण असो. एकदा खोडरबरसुद्धा ब्लेडने कापून दिलं होतं! आणि जे कापता यायचं नाही — एकुलती छत्री, बसमधली खिडकी — त्यासाठी बटण. शिवणाच्या डब्यातलं निळं बटण आई मागे नेऊन एका मुठीत लपवायची आणि दोन्ही मुठी पुढे करायची. आमच्यातली एक जण मूठ निवडायची. भरली मूठ निघाली तर वस्तू तिची, रिकामी निघाली तर दुसरीची. पुन्हा रडायचं नाही.

भरली मूठ एकच. एक उघडली की दुसरी न उघडताच कळते.

आजारसुद्धा ताईने मुठीत धरलाय. एकीची रिकामी निघाली की भरली दुसरीची. पुस्तकात अशा घटनांना परस्पर अपवर्जी म्हणतात, म्हणजे एक घडली की दुसरी घडूच शकत नाही. पण हे तसं नाहीये ना! तिच्या जन्माच्या वेळचं नाणं वेगळं, माझ्या जन्माच्या वेळचं वेगळं. सहा वर्षांनी उडालेल्या नाण्याला आधीचं काय पडलं हे कोण सांगणार? स्वतंत्र घटना. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवते. दरवर्षी निम्म्या मुली या दोहोंची गल्लत करतात आणि मी त्यांचे गुण कापते.

ताईचे काय कापू?

१९ जानेवारी

आज दोन नाणी घेतली. शक्य असलेल्या सगळ्या निकालांची यादी करा म्हटलं. मागच्या बाकावरून लगेच, "मॅडम, तीन! दोन्ही छापे, दोन्ही काटे, एक-एक."

"चार येतील," चष्मेवाली म्हणाली. "छापा-काटा वेगळा आणि काटा-छापा वेगळा."

"एकच की ते!"

"एकच कसं? तुला परीक्षेत शंभर आणि मला शून्य, की मला शंभर आणि तुला शून्य — एकच का?"

वर्ग खो-खो हसला. मीही हसले. मग फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि मला दिसायला लागलं — ताईला आणि मला. ताईला, मला नाही. मला, ताईला नाही. कुणालाच नाही.

चार ओळी, प्रत्येक पाव. निदान एकीला असण्याची शक्यता पाऊण. ताई म्हणते तेवढी खात्रीची नाही, पण पाऊण! शेवटची ओळ फळ्याच्या अगदी तळाशी आली होती. खाली वाकून लिहावी लागली. मागच्या बाकांवर कुणालाच दिसली नाही.

२३ जानेवारी

चाचणी केंद्रात जाऊन आले. ठरवून टाकलं. करायची.

डॉक्टरीणबाई शांत आहेत, पांढरे केस, घाई नाही. लगेच रक्त घेत नाहीत. आधी बोलायचं, मग घरी जाऊन विचार करायचा, मग पुन्हा यायचं. निकाल फोनवर सांगत नाहीत. समोर बसवून सांगतात.

"हातातून खडू पडतो," मी म्हटलं. त्यांनी माझी बोटं नाचवून पाहिली, रेघेवरून चालवलं. म्हणाल्या, "माझ्या हातून पेन पडतं, चष्मा पडतो. मोबाइल तर विचारू नका. त्रेचाळीसपर्यंत लक्षणं नाहीत, म्हणजे तुमची शक्यता आता निम्म्याहून जराशी कमीच." बरोबर आहे. नवी माहिती आली की शक्यता बदलते. मला माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

"निकालाच्या दिवशी सोबत कोण येईल? बहीण?"

"ती नाही यायची. तिचा चाचणीवरच राग आहे. तिने स्वतःही केली नाही."

डॉक्टरीणबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "ज्याचं त्याने ठरवायचं असतं." आणि सोबतीला येणारी म्हणून बबडीचं नाव लिहून घेतलं.

२४ जानेवारी

ताईला सांगितलं. वाटलं, ओरडेल. ओरडली नाही.

"जायचं तर जा. मला निकाल सांगू नकोस."

"का?"

"नकोच." मग माझ्या हातातलं गरम पातेलं काढून घेतलं. "सोड. मी उतरवते."

घाबरली आहे बिचारी. माझा 'नाही' आला तर तिच्या हिशेबाने तिचा 'आहे' ठरतो. कुठून ऐकेल ती माझा निकाल?

३० जानेवारी

मजा आली आज. घरचा अभ्यास दिला होता. निम्म्या मुलींनी नाणं खरंच उडवून निकाल लिहायचे, निम्म्यांनी नुसते मनाने लिहायचे. कुणी काय केलं ते मला सांगायचं नाही. मी कागद चाळले आणि खरे-खोटे वेगळे करून दाखवले. जवळजवळ सगळे बरोबर!

"मॅडम, जादू?"

जादू कसली. खऱ्या नाण्याला लाज नसते. सलग सहा-सहा छापे पडतात आणि त्याला काही वाटत नाही. मनाने लिहिणारीला वाटतं. तीन छापे झाले की ती म्हणते, आता काट्यालाही द्यायला हवं, बिचारा केव्हाचा थांबलाय.

मागच्या बाकावरची म्हणाली, "म्हणजे मॅडम, खोटं लिहिणारे जास्त न्यायी!"

सगळ्या हसल्या. मी घरी येईपर्यंत तेच वाक्य चघळत होते. आई न्यायी होती. रक्त न्यायी नाही. ते मुठी पुढे करत नाही.

३ फेब्रुवारी

रक्त दिलं. सुई टोचली तेव्हा मी बबडीचा हात धरला होता, की तिने माझा, माहीत नाही.

"आई, काहीही निघालं तरी तू तीच असशील ना?"

"तीच. फक्त अक्षर आणखी वाईट."

"याहून? शक्यता शून्य!"

गाढव आहे. माझं गाढव.

८ फेब्रुवारी

झोप नाही. तासाला उभी राहिले की बोटांकडे लक्ष जातं. खडू आता मुठीत आवळून धरते, लहान मुलासारखा. हात आवळला की थरथरतो, थरथरला की आणखी आवळते.

११ फेब्रुवारी

आज सशर्त संभाव्यता शिकवली. म्हटलं, ताप आला की अंग दुखतं, हे खरं. पण अंग दुखतंय म्हणून ताप आहे, हे खरं का? चष्मेवाली म्हणाली, "नाही मॅडम. चादरी धुतल्या तरी दुखतं." शाबास! वाक्य उलटं केलं की उत्तर बदलतं.

आणि मग फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण सुई आठवली. आजार असेल तर सुई ओवता येत नाही, खरं. पण सुई ओवता येत नाही म्हणून ताईला आजार? एकोणपन्नासाव्या वर्षी कुणाला धड ओवता येते? जन्मभर शिवून डोळे थकलेत तिचे. इतकं हलकं वाटलं!

फळा पुसायच्या आत दुसरा विचार आला. पण चष्मा तर आहे ना तिच्याकडे.

१५ फेब्रुवारी

ताई घरी आली होती. माझ्यासाठी ड्रेस शिवून आणले, न मागता. मऊ कापड, सुरेख निळा रंग. डोक्यातून घालायचे, गळा मोठा. एकालाही बटण नाही! ताईने शिवलेला ड्रेस आणि बटण नाही? जिने काजं हाताने केल्याशिवाय कधी कपडा सोडला नाही, तिने?

"बटणं कुठे गेली गं?"

"कंटाळा आला लावायचा. असेच बरे. घालायला सोपे."

बबडी म्हणाली, "मावशी, ही काय नवीन फॅशन?"

"हो. म्हाताऱ्यांची."

मी हसले, आतल्या खोलीत गेले आणि ड्रेस तोंडाशी धरून रडले. बटणं जमेनाशी झाली तिला. आधी सुई, आता बटणं. एक पुरावा खोडून काढावा तर दुसरा उभा! हात बघितले तिचे. मांडीवर घट्ट ठेवले होते. हलत नव्हते. घट्ट धरल्यावर कसे हलतील?

ती निघाली तशी मीही दुकानात निघाले, तर माझी पिशवीही जिन्यातून तीच खाली घेऊन गेली, दुकानापर्यंत. "तू कठडा धर," म्हणाली. स्वतःचा तोल जात असेल, तो सांगायचा नसेल.

१८ फेब्रुवारी

बोलावणं आलं. परवा.

१९ फेब्रुवारी

उद्या.

२० फेब्रुवारी

नाही.

मला नाही!

डॉक्टरीणबाईंनी आधी 'नाही' म्हटलं, मग बाकीचं. बबडी खुर्चीतच वाकून रडायला लागली. तिची पाव शून्य झाली, एका शब्दात. रस्त्यावर आलो. एक बाई झाडांना पाणी घालत होती. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

कोपऱ्यापर्यंत आनंद टिकला. कोपऱ्यावर ताईची गल्ली दिसते. आणि मी — एवढी वर्षं या विषयाचे पेपर तपासणारी मी — जागच्या जागी थांबले. मनात काय आलं? तर, रिकामी मूठ माझी निघाली. मग भरली ताईची.

खोटं आहे! ताईची शक्यता काल जेवढी होती तेवढीच आजही आहे. माझ्या निकालाने तिचा केससुद्धा हलत नाही. कागदावर लिहून दाखवता येईल. पण पाय त्या गल्लीत वळेना.

"मावशीला सांगूया ना!" बबडी म्हणाली.

"नको."

"अगं, पण तिचा काय संबंध?"

"काही नाही."

"मग?"

मग काय, ते मला माहीत नाही.

२२ फेब्रुवारी

गेले नाही. ताईचा फोन आला, घेतला नाही. 'कागद तपासते आहे' म्हणून निरोप टाकला.

२४ फेब्रुवारी

वर्गात उजळणी. "पहिल्या नाण्यावर छापा पडला. दुसऱ्यावर काटा पडण्याची शक्यता?" सगळ्या एकसुरात — "निम्मीच!" किती सहज म्हणतात. तुमची नाणी तुमची बहीण नाहीत, मुलींनो.

मी तोंड लपवते आहे, आणि ती तिकडे काय समजत असेल? सांगायलाच हवं. निकाल सांगायचा आणि तिला चार ओळी समजावून सांगायच्या. रागावली तर रागावू दे. आणि तिला हात धरून चाचणीला न्यायचं. एकटी का बसेल ती त्या मुठीकडे बघत?

२६ फेब्रुवारी

गेले. दार उघडंच होतं. ताईने माझा चेहरा पाहिला आणि मशीनचं चाक हाताने थांबवलं. कशी आहेस, कुठे होतीस, काही नाही. नुसती सुई पुढे केली.

"ओवून दे."

घेतली. कसं सांगू, कुठून सुरू करू — हात असे थरथरायला लागले की दोरा सुईच्या नेढ्याच्या आसपासही जाईना. एकदा, पुन्हा, पुन्हा. ओला केला, तरी नाही. ताई बघत होती. बघता बघता तिचं तोंड वाकडं झालं. ती रडत होती! भावोजी गेले तेव्हाही न रडलेली ताई.

"असू दे गं," म्हणाली. "असू दे, माझ्या सोन्या. मी आहे ना."

आणि माझ्या हातातून सुई काढून घेतली. चष्मा डोक्यावर होता. डोळे भरलेले. तशाच डोळ्यांनी, न बघता, एका झटक्यात तिने दोरा ओवला.

मी सुईकडे बघत राहिले. मग तिच्या हातांकडे.

पुढचं आज लिहवत नाही.

२७ फेब्रुवारी

ताईची चाचणी दोन वर्षांपूर्वीच झाली आहे. एकटी जाऊन आली होती. तिला नाही. तिची मूठ रिकामी निघाली आणि ती धरून चालली की भरली माझी. म्हणून सुई — दर वेळी माझे हात बघायला. म्हणून बिनबटणाचे ड्रेस, माझ्या पुढच्या दिवसांसाठी. दोन वर्षं!

मी म्हटलं, ताई, मलाही नाही.

तिने दोन वेळा विचारलं. मग माझी बोटं एकेक करून हातात घेतली, सरळ केली, सोडली. मग अगदी बारीक आवाजात —

"मग बटण कुणाकडे गेलं गं?"

चार ओळी, नाणी, स्वतंत्र घटना — सगळं तयार होतं माझ्याकडे. तोंडात आलं ते वेगळंच.

"आईच्याच मुठीत राहिलं."